वजनकाट्यापुढील भाषा

गेल्या वर्षीच्या कापूस-हंगामातील गोष्ट. जैनथ आणि बेला या भागांतील कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या रस्त्याला लागल्या होत्या आणि आमच्या नववीच्या वर्गातील हजेरी दरवर्षीप्रमाणे रोडावली होती. एक विद्यार्थी दोन दिवसांनी वर्गात आला. गैरहजेरीचे कारण विचारता त्याने सांगितले की, तो वडिलांबरोबर एका खरेदी केंद्रावर गेला होता. तेथे कापसात एक लहानसे यंत्र खुपसण्यात आले, त्यावरचा आकडा कोणीतरी तेलुगूत पुटपुटला, दुसऱ्या कोणीतरी तो वहीत मांडला, आणि भावात कपात झाली. कपात किती व कशासाठी, हे वडिलांना उमगले नाही. त्यांना तेलुगू जेमतेम समजते. ‘मग तू का नाही विचारलेस?’ असे आम्ही त्यास म्हटले. वास्तविक हा मुलगा तेलुगू विषयात वर्गात दुसरा. पाठ्यपुस्तकातील पद्ये तो अडखळल्यावाचून म्हणतो. तो खाली मान घालून म्हणाला, ‘सर, ओलाव्याला तेलुगूत काय म्हणतात तेच मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी तेवढ्या माणसांत तोंडातून शब्द निघाला नसता.’

या दोन वाक्यांनी आम्हांस जितके अंतर्मुख केले, तितके कोणत्याही निकालपत्रकाने आजवर केले नव्हते. पहिल्या वाक्यात शब्दाची उणीव होती, दुसऱ्यात धिटाईची. दहा वर्षे एखादी भाषा शिकूनही मुलाच्या ठिकाणी या दोन्ही उणिवा राहत असतील, तर दोष मुलाचा नव्हे, आमचा, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. या लेखात आम्ही त्याच दोषाचा आणि त्यावर आमच्या शाळेत वर्षभर केलेल्या एका लहानशा प्रयोगाचा विचार वाचकांपुढे मांडू इच्छितो.

आपला जिल्हा हा भाषांचा संगम आहे, हे येथील मुलांस सांगावयास नको. जुन्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे लोक एका राज्यात नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आदिलाबादेत आला. सीमा नकाशावर आखली गेली. परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या तशाच राहिल्या, बाजार भरत होते तसेच भरत राहिले आणि मराठी घराघरांत बोलली जात होती तशीच बोलली जात राहिली. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. २०१८ साली राज्याने कायदा करून सर्व शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगू शिकविणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. आमच्या मते हा कायदा योग्यच आहे. ज्या राज्यात राहावयाचे, जेथे नोकरी-धंदा करावयाचा, तेथील भाषा आपणांस यावी, यात अपमानास्पद काहीच नाही. प्रश्न आहे तो ती कशी यावी हा.

आम्ही शाळेत मराठी शिकवितो. तेलुगू आमचे एक सहकारी शिकवितात. वरील प्रसंगानंतर आम्ही दोघे एका दुपारी नववीचे तेलुगूचे पुस्तक घेऊन बसलो आणि एक यादी केली. या वर्गातील मुलांचे पालक काय काम करतात? कोणी शेतकरी, कोणी जिनिंगमध्ये हमाल, कोणी लॉरीचालक, कोणी गवंडी, कोणी शिंपी, कोणाची आई आशा कार्यकर्ती, कोणाचा थोरला भाऊ हैदराबादेत दुकानात. या कामांतील नित्याचे शब्द कोणते? वजन, ओलावा, मजुरी, पावती, सुटी, उचल, दुखापत, तक्रार. मग हे शब्द पुस्तकात शोधू लागलो. पुस्तकात सुंदर कविता होत्या, थोरांची चरित्रे होती, निसर्गवर्णने होती. आमच्या यादीतील बहुतेक शब्द मात्र नव्हते. पुस्तक करणारांस आम्ही नावे ठेवीत नाही. एका पुस्तकात साऱ्या राज्याचे जीवन मावणे अशक्य आहे. जे पुस्तकात मावत नाही ते वर्गात आणणे हे शिक्षकाचे काम, आणि ते आम्ही केले नव्हते.

आता प्रयोगाविषयी. व्हॉइसथ्रेड नावाचे एक साधन पुष्कळ देशांतील भाषाशिक्षक वापरतात. त्याची कल्पना फार सोपी आहे. पडद्याच्या मधोमध एक चित्र, छायाचित्र किंवा लहानशी चित्रफीत असते, आणि तिच्याभोवती निरनिराळ्या माणसांचे आवाज साठविलेले असतात. प्रत्येकाने आपल्या सवडीने चित्र पाहावे, आधीच्यांचे बोलणे ऐकावे, आणि त्यावर आपले बोलणे जोडावे. जणू चावडीवर एखादी वस्तू मधे ठेवली आहे आणि सभोवार बसलेली मंडळी तिच्याविषयी एकामागून एक बोलत आहेत. फरक इतकाच की, ही चावडी कोणाही वेळी भरते आणि तेथील प्रत्येक वाक्य पुनःपुन्हा ऐकता येते. आम्ही ही कल्पना घेतली आणि घरोघरी असलेल्या साध्या व्हॉट्सअॅपवर ती राबविली. दर सोमवारी एक छायाचित्र गटात टाकावयाचे. त्याखाली तीन प्रश्न. शनिवारपर्यंत प्रत्येक मुलाने आपल्या आवाजात, आधी मराठीत व मग तेलुगूत, निदान दोन वाक्ये बोलावयाची. आणि दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर द्यावयाचे. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

पहिले छायाचित्र वजनकाट्याचे होते. पहिला प्रश्न: ‘हा आकडा कशाचा?’ दोन दिवस गटात शुकशुकाट होता. तिसऱ्या दिवशी एका मुलीने धीर केला. तिने शेजारच्या तेलुगूभाषक शिंपीकाकांना विचारून ‘तूकम’ म्हणजे वजन आणि ‘धर’ म्हणजे भाव हे दोन शब्द आणले होते. मग ज्या मुलापासून ही गोष्ट सुरू झाली, त्याने ‘तेम’ म्हणजे ओलावा हा शब्द आणला. हा शब्द त्याला कोणी शिकविला नव्हता. तो पुन्हा त्या केंद्रावर गेला होता, दाराशी उभ्या असलेल्या एका हमालाला त्याने तो विचारला, आणि त्या गृहस्थानेच त्याच्या फोनवर वाक्यही बोलून दिले: ‘तेम एंत उंदंडि?’ म्हणजे, ओलावा किती आहे हो? त्या आठवड्यात ते वाक्य वर्गातील प्रत्येक तोंडी होते.

त्या वाक्यातील शेवटच्या ‘अंडि’कडे वाचकांनी लक्ष द्यावे. मराठीत ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांत जो फरक, तोच तेलुगूत ‘चेप्पु’ आणि ‘चेप्पंडि’ यांत आहे. पुस्तकावरून शिकलेला मुलगा परीक्षेत ‘चेप्पु’ लिहितो आणि त्यास गुण मिळतात. परंतु तोच शब्द त्याने कचेरीतील वडीलधाऱ्या माणसास उद्देशून उच्चारला, तर समोरच्याच्या कपाळाला आठी पडते आणि काम तेथेच अडते. ही गोष्ट आमच्या मुलांस आम्ही सांगितली नाही. एका मुलाच्या ध्वनिफितीवर दुसऱ्याच्या आजीने, जी मूळची निर्मलकडची, हसत हसत दुरुस्ती करून पाठविली, आणि ती दुरुस्ती कायमची ध्यानात राहिली. दुसरा एक गमतीचा प्रसंग: ‘पनि उंदि’ हे शब्द ऐकून एक मुलगा बराच वेळ ‘पाणी आहे’ असेच समजत होता. तेलुगूत ‘पनि’ म्हणजे काम! त्या दिवशी गटात जे हसू पिकले, त्यात तोही सामील होता. आणि तो शब्द आता कोणी विसरणार नाही.

ओलाव्याचा विषय भाषेपाशीच थांबला नाही, तो गणितात शिरला. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण आधारभूत भाव मिळतो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यास भाव एक टक्का उतरतो. बारांच्या वर कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे एका टक्क्याची किंमत क्विंटलमागे ८१ रुपये १० पैसे, आणि वीस क्विंटलांस १६२२ रुपये. हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. सोळाशे रुपये म्हणजे काय, हे त्यांतील प्रत्येकास ठाऊक होते.

आता या पद्धतीने भाषा अधिक चांगली का येते, याविषयी थोडे. वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारला की तीन-चार धीट मुले हात वर करतात. उरलेल्यांचा तास ऐकण्यात जातो. येथे प्रत्येकास बोलावे लागते, परंतु चारचौघांदेखत तत्काळ बोलावे लागत नाही. मुलगा घरी कोपऱ्यात बसून पाच वेळा बोलून पाहतो, चार वेळा पुसतो, पाचवे पाठवितो. त्या पाच वेळांत त्याची जीभ वळते. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी वर्षभरात वर्गात क्वचितच बोलली असेल. गटात तिच्या उत्तरांची सर्वजण वाट पाहत. आणखी एक गोष्ट. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद असता १ सप्टेंबरपासून दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅटवरून धडे सुरू झाले. त्या कठीण काळात ती सोय मोठीच होती. परंतु त्यात पेटी बोले आणि मूल ऐके. मुलाच्या शंकेला पेटीपाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून पुष्कळांचा असा समज झाला आहे की, पडद्यावरचे शिक्षण म्हणजे हेच. पडद्यावर चित्र दिसते एवढ्याने भाषा येत नाही. त्या चित्राविषयी कोणाशी तरी बोलावे लागते, कोणाचे तरी चुकीचे वाटले तर तसे नम्रपणे म्हणावे लागते, आपले चुकले तर सुधारावे लागते. भाषा संवादाने येते. साधन जुने असो वा नवे.

आमच्या या प्रयोगावर आक्षेप आले, आणि ते विचारी माणसांनी घेतलेले असल्यामुळे त्यांस उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की, शाळेत हमाली, मजुरी आणि पावत्या यांची भाषा शिकविणे म्हणजे विद्येचे अवमूल्यन होय. आम्हांस मुले मोठी करावयाची आहेत, हमाल नव्हे. हा आक्षेप घेणारांनी एकदा वर्ध्याचे स्मरण करावे. वर्धा येथून काही फार दूर नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. कामाला कमी लेखणारे शिक्षण अपुरे, हा त्यातील गाभा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविली. मूल शाळेत येत नाही तर शाळाच कुरणात नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. आणि कामाची भाषा शिकणे म्हणजे मुलास कामास जुंपणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. हंगामात मुले वर्गातून गळतात याचे आम्हांस दुःखच आहे. उलट, आमच्या गटातील एका आठवड्याचा विषयच ‘चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येते काय?’ हा होता. आणि त्याचे कायदेशीर उत्तर, ते ठेवता येत नाही, हे मुलांनी दोन्ही भाषांत बोलून आपापल्या घरी ऐकविले.

तसेच, कामाच्या विषयात सौंदर्य नाही असेही आम्हांस आढळले नाही. एका सोमवारी निर्मलच्या लाकडी खेळण्यांचे चित्र टाकले होते. पोनिकी या मऊ, हलक्या लाकडाचे भाग कोरावयाचे, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून ते सांधावयाचे, मग रंग चढवावयाचा. ही सर्व कृती मुलांनी तेलुगूत वर्णन केली, आणि त्या वर्णनांत जी टवटवी होती ती आमच्या निबंधाच्या वह्यांत आम्हांस क्वचितच आढळते.

दुसरा आक्षेप फोनविषयी आहे, आणि तो आम्हांस पूर्णपणे खोडून काढता येत नाही. फोन हाती आला की मूल अभ्यासापुरते थांबत नाही, हे खरे आहे. प्रत्येक घरी फोन नसतो. असला तरी तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो, हेही खरे. शिवाय आमच्याकडून एक चूक झाली, ती आम्ही लपवू इच्छित नाही. ‘मजुरी’ या विषयावर बोलताना एका मुलीने आपल्या आईस दिवसाकाठी किती पैसे मिळतात व किती बुडतात, हे भाबडेपणाने सांगितले. ती ध्वनिफीत कोणीतरी गटाबाहेर पाठविली, ती त्या बाईच्या मालकापर्यंत पोहोचली, आणि त्या माउलीस चार शब्द ऐकून घ्यावे लागले. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि पंधरा दिवस गट बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तो नियम करूनच. पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणी गटात नाही. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यानेही पालकांची संमती आवश्यक मानली आहे. घरातील पैशांचा वा मालकाचा नावानिशी उल्लेख करावयाचा नाही. चित्रात माणसाचा चेहरा नको. वस्तू, हत्यार, जागा असावी. गट रात्री आठनंतर बंद. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी मधल्या सुटीत शाळेच्या फोनवर बोलावे. या नियमांनी धोका नाहीसा झाला असे आम्ही म्हणत नाही. तो आमच्या नजरेखाली राहिला, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मुले तेलुगूत रमली तर मराठीचे काय? मराठी शाळांची पटसंख्या पाहता ही भीती निराधार नाही. या बाबतीत आम्ही थोडे स्वतःविषयी बोललो तर वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरची भाषा कोंकणी. मराठी आम्हांस शाळेने दिली, आणि आज तीच आमची उपजीविका आहे. मराठी शिकल्याने आमची कोंकणी कोठे गेली नाही. आजही आईशी बोलताना दुसरा शब्द तोंडात येत नाही. कोंकणीला साहित्य अकादमीची मान्यता १९७५ साली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान १९९२ साली मिळाले. त्यापूर्वी शतकानुशतके ती देवनागरी, रोमी, कानडी, मल्याळम अशा अनेक लिप्यांत विखुरलेली असताही घरात, शेतात, होडीवर आणि बाजारात बोलली जात होती, म्हणून टिकली. कामाचे शब्द तर भाषेच्या सीमा मानीतच नाहीत. ‘पगार’ आणि ‘लिलाव’ हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आले. गवंड्याला आपण ‘मिस्त्री’ म्हणतो, तेलुगूत तो ‘मेस्त्री’ आहे, आणि तोही शब्द त्याच गलबतातून उतरलेला. जी भाषा कामाच्या जागी बोलली जाते ती मरत नाही. म्हणूनच आमच्या गटात प्रत्येक उत्तर आधी मराठीत द्यावयाचे अशी अट आहे. आणि त्यामुळे ‘ओलावा’, ‘हमाली’, ‘उचल’ हे मराठी शब्दही मुलांनी प्रथमच विचारपूर्वक वापरले.

येथे आमच्या वर्गातील गोंड व कोलाम मुलांचाही विचार केला पाहिजे. त्यांना मराठीच दुसरी भाषा, आणि तेलुगू तिसरी. याच मुलखात मारलवाई येथे १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले होते आणि गोंडी भाषेची प्रारंभिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली होती. मुलाने आपल्या भाषेच्या उंबरठ्यावरून दुसऱ्या भाषेत पाऊल टाकावे, हा विचार या मातीत तेव्हाच रुजला होता. आम्ही या मुलांस गोंडीत किंवा कोलामीतही बोलू देतो. त्या आठवड्यात वर्गातील इतर मुले श्रोते असतात, आणि शिक्षकही.

तेव्हा आमचे मागणे थोडेच आहे. पालकांनी दिवसातील अर्धा तास फोन मुलाच्या हाती द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या शेजारी बसावे. आपल्या कामाविषयी त्याला सांगावे, त्यात कमीपणा मानू नये. सहशिक्षकांनी आठवड्यातून एक तास पुस्तक मिटून गावातील एखाद्या कामाकडे पाहावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही पद्ये पाठ करा, व्याकरण घोका, गुण मिळवा. पण ज्या भाषेचे गुण मिळवाल त्या भाषेत एक प्रश्न तरी कोणा अनोळखी माणसास विचारल्यावाचून वर्ष जाऊ देऊ नका.

ज्याच्यापासून आरंभ केला त्या मुलाची हकीकत सांगून पुरे करतो. यंदा तो दहावीत आहे. यंदाच्या हंगामात तो पुन्हा वडिलांबरोबर खरेदी केंद्रावर गेला. यंत्र कापसात गेले, आकडा पुटपुटला गेला. त्याने पुढे होऊन विचारले, ‘तेम एंत उंदंडि?’ त्या माणसाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले: अकरा. ‘मळ्ळी चूपिंचंडि’, पुन्हा दाखवा, असे तो म्हणाला. यंत्र पुन्हा लावण्यात आले. पुन्हा अकराच. कपात तीन टक्के झाली. कापूस खरोखरच ओला होता. भावात एक रुपयाचाही फरक पडला नाही. परंतु परतताना वडिलांनी त्याला विचारले की, पुढच्या वेळी कापूस किती दिवस उन्हात घालावा. आणि बापलेक गाडीवर बसून घरापर्यंत त्याचाच हिशेब करीत आले.